रेघ ओढा, पण निशाणी लिहा

अयोध्येच्या दाव्यात फैजाबादच्या दिवाणी न्यायालयाने १ एप्रिल १९५० रोजी शिवशंकर लाल या वकिलांना आयुक्त म्हणून नेमले. त्यांनी जागेवर जाऊन मोजमापे घेतली आणि २५ जून १९५० रोजी अहवालासोबत दोन नकाशे सादर केले. सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१९ रोजी निकाल दिला, तेव्हा आतले अंगण, बाहेरचे अंगण, चबुतरा यांची जागा समजावून सांगताना याच नकाशांचा आधार घेतला गेला. त्याच प्रकरणात, सुनावणीच्या शेवटच्या दिवशी, १६ ऑक्टोबर २०१९ रोजी, आणखी एक नकाशा पुढे आला. हिंदू महासभेतर्फे विकास सिंह यांनी एका अलीकडच्या पुस्तकाचा आणि त्यातल्या चित्रमय नकाशाचा हवाला दिला. मुस्लिम पक्षाचे राजीव धवन यांनी हे अभिलेखावर नाही अशी हरकत घेतली आणि तो कागद भर न्यायालयात फाडला. त्या कृतीबद्दल कोणाचे मत काहीही असो, वकिलाने त्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. एक नकाशा एकोणसत्तर वर्षे टिकला आणि दुसरा काही मिनिटेही टिकला नाही. रेखाटन किती देखणे होते, याचा या फरकाशी संबंध नव्हता. पहिल्या नकाशाची प्रत्येक रेघ कोणी, कधी, कोणाच्या आदेशाने आणि काय मोजून ओढली हे अभिलेख सांगत होता. दुसऱ्याच्या पाठीशी अभिलेख नव्हता.

आपल्या न्यायालयांत चित्र, नकाशा, तक्ता किंवा तारखांची रेघ वापरू इच्छिणाऱ्या वकिलांसाठी हा लेख आहे, आणि त्यात सांगायचे आहे ते एवढेच: चित्राची ताकद त्याच्या निशाणी क्रमांकात असते. चित्रातला प्रत्येक चौकोन, बाण, आकडा अभिलेखावरच्या कुठल्या तरी निशाणीकडे किंवा साक्षीच्या कुठल्या तरी परिच्छेदाकडे बोट दाखवत असेल, तर ते चित्र न्यायाधीशाला उपयोगी पडते आणि विरुद्ध बाजूला ते सहजी उडवून लावता येत नाही. ज्या रेघेखाली निशाणी नाही, ती रेघ म्हणजे वकिलाची साक्ष, आणि वकिलाला आपल्या प्रकरणात साक्ष देता येत नाही.

इथे पहिली शंका येते ती अशी की, चित्रे दाखवायची ती ज्युरीला. आपल्याकडे ज्युरी केव्हाच गेली. समोर कायदा शिकलेला, रोज कागद वाचणारा न्यायाधीश बसलेला असतो, मग त्याला चित्रे कशाला? या शंकेत न्यायाधीशाच्या बुद्धीविषयी आदर आहे, पण त्याच्या कामाच्या पद्धतीकडे दुर्लक्ष आहे. आपल्याकडे दावा वर्षानुवर्षे चालतो. सरतपासणी एका न्यायाधीशापुढे होते, उलटतपासणी संपेपर्यंत त्यांची बदली झालेली असते आणि युक्तिवाद तिसऱ्यापुढे होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १५ मध्ये अशा उत्तराधिकारी न्यायाधीशाने आधीच्या पुराव्यावरून पुढे चालण्याची सोयच आहे. अपिलात तर फक्त कागद बोलतात. तोंडी युक्तिवादाची रोजनाम्यात बहुधा एका ओळीची नोंद होते. म्हणजे निकाल लिहिणाऱ्याच्या हातात शेवटी उरते ती फाईल. ज्युरीला दाखवायचे चित्र त्या क्षणी डोळ्यांत भरावे म्हणून काढतात. आपले चित्र मात्र सहा महिन्यांनी, वकील समोर नसताना, फाईल उघडणाऱ्याला वाट दाखवण्यासाठी काढायचे असते. म्हणूनच त्यात रंगरंगोटीपेक्षा क्रमांकांना महत्त्व.

काढायला बसण्यापूर्वी एक भेद मनाशी पक्का करावा. काही चित्रे स्वतःच पुरावा असतात, काही फक्त पुरावा समजावून सांगतात. १८७२ च्या पुरावा कायद्याने ‘दस्तऐवजा’च्या उदाहरणांत नकाशा दिला होता, व्यंगचित्रसुद्धा दिले होते; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही नकाशाला दस्तऐवज मानले आहे. पण दस्तऐवज असणे आणि खरा मानला जाणे या दोन गोष्टी आहेत. जुन्या कायद्याचे कलम ८३ आणि नव्याचे कलम ८२ सांगते की शासनाच्या अधिकाराने तयार झालेला नकाशा अचूक असल्याचे गृहीत धरले जाईल, पण एखाद्या दाव्यासाठी मुद्दाम केलेला नकाशा अचूक असल्याचे सिद्ध करावे लागेल. म्हणजे तुमच्या पक्षकाराने खासगी सर्व्हेअरकडून करून घेतलेला नकाशा त्या सर्व्हेअरला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केल्याशिवाय फारसा कामाचा नाही. फौजदारी प्रकरणात हा भेद आणखी धारदार होतो. ‘तोरी सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तपास अधिकाऱ्याने घटनास्थळाच्या कच्च्या नकाशात स्वतः पाहिलेल्या गोष्टी दाखवल्या तर ठीक, पण साक्षीदारांनी सांगितले म्हणून ‘इथे मयत उभा होता’ अशी खूण केली तर ती पोलिसांपुढच्या जबाबासारखीच अग्राह्य ठरते. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६२ होते, आज नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८१ आहे. बचावाच्या वकिलाने पंचनाम्यासोबतचा नकाशा हाती आला की आधी हेच पाहावे: कुठली खूण डोळ्यांनी पाहिलेली आणि कुठली कानांनी ऐकलेली? अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या पुरावा नियम १०७ ने समजावण्याची साधने आणि पुरावा यांच्यात अशीच स्पष्ट रेषा आखली. आपल्याकडे असा स्वतंत्र नियम नाही, म्हणून ती रेषा वकिलाने स्वतः आखावी. युक्तिवादासाठीच्या प्रत्येक कागदावर ‘केवळ युक्तिवादाच्या सोयीसाठी, आधार: निशाणी अमुक’ असे शीर्षस्थानी लिहावे.

जमिनीच्या दाव्यात चित्र ऐच्छिक नाहीच. आदेश ७, नियम ३ ला मुंबई उच्च न्यायालयाने केलेल्या दुरुस्तीनुसार अतिक्रमणाच्या दाव्यात अतिक्रमणाची जागा आणि व्याप्ती शक्य तितकी नेमकी दाखवणारा कच्चा नकाशा दाव्यासोबत जोडावा लागतो. तरीही अनेक दाव्यांत हा नकाशा चार रेघांचा आणि बिनमापाचा असतो, आणि पुढे मोजणी झाली की तोच वादीच्या अंगावर येतो. कच्चा नकाशा काढताना भूमी अभिलेख खात्याच्या गटाच्या नकाशावरून बाह्यरेषा घ्यावी. उत्तर दिशा, गट क्रमांक, चारही बाजूंचे लगतदार आणि बांध, विहीर, झाड, रस्ता अशा न हलणाऱ्या खुणा दाखवाव्यात. अतिक्रमणाचा भाग रंगाने न दाखवता तिरप्या रेघांनी भरावा, कारण झेरॉक्समध्ये रंग मरतात. अंदाजे मापाला ‘अंदाजे’ म्हणावे आणि दाव्यातले क्षेत्र व नकाशातले क्षेत्र एकाच एककात द्यावे. एकीकडे गुंठे आणि दुसरीकडे चौरस फूट असे ठेवले तर उलटतपासणीत १,०८९ ने गुणाकार करण्यातच वेळ जातो. न्यायालयाने आदेश २६, नियम ९ खाली आयुक्त नेमून मोजणी करून घेतली की त्या नकाशावर आपला जुना नकाशा बसवून पाहावा आणि फरक असेल तर तो आपणच आधी मान्य करून त्याचे कारण सांगावे.

वाटपाच्या दाव्यात वंशावळ सगळेच जोडतात, पण बहुतेक वंशावळींत नावांच्या चौकोनांखाली तारखा नसतात. वारसा उघडतो तो मृत्यूच्या दिवशी. ती तारीख नसलेली वंशावळ फक्त नातेवाइकांची ओळख करून देते. कोणाचा हिस्सा किती, हे तिच्यातून ठरत नाही. मुलीच्या हक्काचा प्रश्न असेल, तर वंशावळीखाली तारखांची एक आडवी रेघ ओढावी आणि तिच्यावर कायद्याचे तीन टप्पे लिहावेत: २२ जून १९९४, महाराष्ट्राची दुरुस्ती, जिच्यात तोवर लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, २० डिसेंबर २००४, ज्या तारखेआधीचे कायदेशीर वाटप किंवा हस्तांतर अबाधित राहते, आणि ९ सप्टेंबर २००५, केंद्राची दुरुस्ती. रेघेखाली पक्षकाराच्या घरातल्या तारखा: मुलीचे लग्न, वडिलांचा मृत्यू, फेरफार, वाटपपत्राची नोंदणी, प्रत्येकीसमोर निशाणी. ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट काढून टाकली, आणि नुसत्या तोंडी वाटपाचा बचाव सहसा मानू नये असेही सांगितले. पंधरा मिनिटे बोलून जे गोंधळाचे होते ते या एका कागदावर दिसते: तथाकथित वाटप २० डिसेंबर २००४ च्या डावीकडे आहे की उजवीकडे, आणि त्याखाली नोंदणीची निशाणी आहे की रिकामी जागा.

ती रिकामी जागा फार बोलकी असते, आणि फौजदारी खटल्यात तिचा खरा उपयोग होतो. पुण्यातल्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याचे ‘पंचशील’ सांगितले. त्यातले शेवटचे तत्त्व असे की पुराव्याची साखळी इतकी पूर्ण असावी की निर्दोषत्वाला वाजवी आधार उरू नये. साखळी हा शब्द न्यायालयाने वापरला असेल, तर वकिलाने ती कागदावर मांडून दाखवावी. चार रकाने पुरतात: परिस्थिती, ती सांगणारा साक्षीदार, निशाणी व परिच्छेद, आणि उलटतपासणीत काय झाले. सरकारी वकिलाच्या हातात हा तक्ता साखळी दाखवतो. बचावाच्या हातात तोच तक्ता तुटलेली कडी दाखवतो, कारण पंच फितूर झालेला असतो किंवा मुद्देमाल रासायनिक विश्लेषकाकडे जाईपर्यंत कुठे होता याची नोंद नसते. एकच कागद दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो यात कमीपणा नाही. तो प्रामाणिक असल्याची ती खूण आहे.

मोबाइलच्या सीडीआरवरून, म्हणजे कॉलच्या तपशीलनोंदींवरून, काढलेल्या नकाशांत मात्र प्रामाणिकपणाची फार वेळा पायमल्ली होते. सीडीआर सांगतो की फोन अमुक टॉवरच्या अमुक अँटेनाला जोडला होता. एका टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड केलेल्या अँटेना असतात, आणि प्रत्येकीचे क्षेत्र पंख्याच्या पाकळीसारखे पसरते. शहरात ते लहान, ग्रामीण भागात काही किलोमीटरचे. नकाशावर त्या ठिकाणी टाचणीसारखी खूण केली, की बघणाऱ्याला वाटते आरोपी तिथे उभा होता. पुरावा एवढे म्हणतच नाही. म्हणून सीडीआरचा नकाशा काढणाऱ्याने पाकळी काढावी, टाचणी नव्हे. आणि विरुद्ध बाजूने टाचणी दाखवली तर त्याच नकाशावर पाकळी काढून दाखवावी. शिवाय मूळ नोंदीसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र नसेल, तर त्यावर उभारलेल्या नकाशाचा पायाच ठिसूळ राहतो. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या ‘अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या १४ जुलै २०२० च्या निकालाने ते प्रमाणपत्र सक्तीचे असल्याचे स्पष्ट केले; आता ते नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावे लागते. बँकेच्या शेकडो नोंदींतून पैशाचा प्रवास बाणांनी दाखवायचा असेल, तर कलम ६०, म्हणजे जुने ६५, यातली शेवटची तरतूद आठवावी: न्यायालयात सोयीने तपासता येणार नाहीत इतके कागद असतील, तर ते तपासलेल्या जाणकाराला त्यांच्या एकूण निष्कर्षाची साक्ष देता येते. म्हणजे बाण काढायचे ते जाणकाराच्या तक्त्यावरून.

न्यायालयांना तक्ते परके नाहीत याचा पुरावा निकालांतच आहे. अपघात नुकसानभरपाईचा गुणक ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने ‘सरला वर्मा’ या २००९ च्या निकालात वयोगटांचा तक्ताच छापला. दाव्यातही हिशेब तसाच पायऱ्यापायऱ्यांनी मांडावा. समजा मयत ३४ वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा, महिना २०,००० रुपये मिळवणारा आणि चार माणसे त्याच्यावर अवलंबून. वार्षिक उत्पन्न २,४०,०००. २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निकालाप्रमाणे भविष्यातील वाढ ४० टक्के, म्हणून ३,३६,०००. स्वतःच्या खर्चाची एक चतुर्थांश वजावट, उरले २,५२,०००. ३१ ते ३५ या गटाचा गुणक १६, म्हणून ४०,३२,०००. प्रत्येक ओळीपुढे उत्पन्नाची निशाणी, वयाची निशाणी आणि निकालाचे नाव. अशी मांडणी केली की विमा कंपनीच्या वकिलाला वाद घालायचा तर एका विशिष्ट ओळीवरच घालावा लागतो, आणि न्यायाधिकरणाला एखादी ओळ अमान्य असेल तर बाकीचा हिशेब मोडत नाही.

चित्राचा आकार कुठला, हे मात्र कायद्याची कसोटी ठरवते. आपली आवड नव्हे. पारले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर मधोमध बादली घेतलेली मुलगी आणि भोवती गाई-कोंबड्या होत्या. म्हैसूरच्या उत्पादकाच्या वेष्टनावर डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा घेतलेली मुलगी आणि गाई-कोंबड्याच. कोणालाही वाटेल की दोन्ही वेष्टने शेजारी चिकटवून फरक किंवा साम्य मोजावे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये नेमके हेच करू नका असे सांगितले: गिऱ्हाईक दोन पुडे शेजारी ठेवून पाहत नाही, ते अंधूक आठवणीवर माल घेते, म्हणून एकूण ठसा सारखा आहे का तेवढे पाहावे. आणि निकाल पारलेच्या बाजूने गेला. तेव्हा वादीने अशा प्रकरणात फरकांचा रकाना असलेला तक्ता दिला, तर तो प्रतिवादीचेच काम करतो. प्रत्येक चित्राआधी एक प्रश्न लिहून काढावा: न्यायाधीशाला कायद्याने नेमके काय ठरवायचे आहे? ‘कधी’ असेल तर तारखांची रेघ, ‘कुठे’ असेल तर नकाशा, ‘कोण कोणाचे’ असेल तर वंशावळ, ‘किती’ असेल तर तक्ता. आणि प्रश्न ‘कोणावर विश्वास ठेवावा’ असा असेल, तर चित्राच्या वाटेला जाऊच नये. साक्षीदाराच्या तोंडच्या शब्दांना पर्याय नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: चित्र मनाला भुरळ घालते, शब्दांची शहानिशा होते तशी त्याची होत नाही. हे खरे आहे. आलेखाची उभी रेषा शून्याऐवजी मध्येच सुरू केली की थोडी वाढ डोंगराएवढी दिसते. नको असलेली तारीख गाळली की रेघ सोयीची होते. पण यावर उपाय चित्रे टाळण्याचा नाही, ती तपासता येतील अशी करण्याचा आहे. आपल्या विरुद्ध जाणारी तारीख आपणच रेघेवर लिहावी, आणि शीर्षकात निष्कर्ष घालू नये. ‘प्रतिवादीची फसवणूक’ याऐवजी ‘३ मार्च ते १९ जून: व्यवहार आणि निशाणी’ असे लिहिले की निष्कर्ष न्यायाधीश स्वतः काढतात, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष त्यांना जास्त पटतो. विरुद्ध बाजूला प्रत आगाऊ द्यावी. आदेश १८, नियम २ खाली लेखी युक्तिवाद देता येतो आणि त्याची प्रत त्याच वेळी दुसऱ्या बाजूला द्यावीच लागते. फौजदारीत नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५२ संक्षिप्त लेखी टिपण देण्याची मुभा देते. तक्ता त्या युक्तिवादाचा भाग म्हणून जोडला, तर ‘हे नवीन काय आणले’ ही हरकत टिकत नाही आणि तो फाईलमध्ये कायम राहतो. पडद्यावर दाखवून बंद केलेले चित्र निकाल लिहिताना कोणाच्याच हाती नसते.

उरला खर्चाचा आणि वेळेचा मुद्दा: हे मोठ्या शहरातल्या बड्या वकिलांचे चोचले, तालुक्याच्या ठिकाणी कोणाला परवडते? वर सांगितलेल्या एकाही चित्राला कागद, पट्टी आणि पेन्सिल यांपलीकडे काही लागत नाही. मजकूर टाइप करून देणारा टंकलेखक तक्ताही करून देतो. वेळ जातो तो फाईल वाचण्यात, आणि ते कोणालाच चुकत नाही. उलट, तारखांची रेघ दावा दाखल करण्याआधी स्वतःसाठी काढली, तर मुदतीचा प्रश्न आणि गहाळ कागद तेव्हाच कळतात. युक्तिवादाच्या दिवशी कळून उपयोग नसतो. एका कागदावर एकच प्रश्न ठेवावा, अक्षर वाचता येईल एवढे मोठे असावे, कनिष्ठ न्यायालयात मजकूर मराठीत द्यावा आणि पक्षकारांची नावे दाव्यात आहेत तशीच लिहावीत.

दाखल करण्यापूर्वी एक शेवटची चाचणी घ्यावी. फाईल न वाचलेल्या कनिष्ठ सहकाऱ्याच्या हाती कागद द्या आणि फक्त दोन गोष्टी विचारा: यात काय विचारले आहे, आणि प्रत्येक गोष्ट फाईलमध्ये कुठे सापडेल? पहिल्याचे उत्तर अडखळले तर चित्राचा आकार चुकला आहे. दुसऱ्याचे अडले त्या जागी निशाणी लिहा. आणि लिहायला निशाणीच नसेल, तर ती रेघ खोडून टाका.